जखमी डोळा आणि प्रकाश

बोट कापले तर काही दिवसांत कातडी सांधते. मोडलेले हाड नीट बांधून ठेवले तर जुळून येते. यकृताचा बराच मोठा भाग काढून टाकला तरी उरलेला भाग वाढून त्याची भरपाई करतो. मनुष्यदेहातील ही दुरुस्तीची शक्ती मोठी असली, तरी ती सर्वत्र सारखी नाही. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यातील दृष्टिपटल या ठिकाणी ती जवळजवळ लोपलेली आढळते. काचबिंदूच्या विकारात दृष्टिपटलातील मज्जापेशी हळूहळू मरत जातात. वेळीच उपचार झाल्यास उरलेल्या पेशी वाचवता येतात. परंतु गेलेल्या पेशी, आणि त्यांच्याबरोबर गेलेली दृष्टी, परत आणण्याचा उपाय वैद्यकाला अजून साधलेला नाही. अपघातात डोळ्यामागील मज्जातंतू तुटला, तर तो डोळा कायमचा आंधळा होतो.

माशांच्या बाबतीत असे घडत नाही. सोनेरी माशाच्या डोळ्यामागील मज्जातंतू चिमट्याने चिरडला, तर त्या बाजूने तो मासा आंधळा होतो खरा. पण काही आठवड्यांतच तो त्याच डोळ्याने अन्न शोधू लागतो. इतकेच नव्हे, तर दृष्टिपटलातील पेशींचा अख्खा थर नष्ट झाला तरी मासा तो नव्याने तयार करू शकतो. ज्या अवयवाची दुरुस्ती मनुष्याला अशक्य झाली आहे, ती एका बोटाएवढ्या माशाला कशी साधते, हा प्रश्न गेली अनेक दशके शास्त्रज्ञांपुढे उभा आहे. या शोधात एका गोष्टीचा पुनःपुन्हा विचार करावा लागला, आणि ती म्हणजे प्रकाश. डोळा हा प्रकाशासाठी घडलेला अवयव. मग जखमी डोळ्याला प्रकाश उपकारक ठरतो की अपकारक? या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

दृष्टिपटलाची घडण

मनुष्य, उंदीर आणि मासा यांच्या डोळ्यांचे बाह्य रूप कितीही भिन्न असले, तरी दृष्टिपटलाची मांडणी मूलतः एकच आहे. डोळ्याच्या मागील भिंतीला आतून अस्तरासारखे लागून असलेले हे पातळ पटल तीन थरांच्या पेशींनी बनलेले असते. सर्वांत बाहेरच्या, म्हणजे भिंतीलगतच्या थरात प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांपैकी शलाका-पेशी मंद उजेडात काम करतात, तर शंकु-पेशी भर उजेडात काम करतात व रंग ओळखतात. मधल्या थरातील द्विध्रुवी पेशी व त्यांच्या सहकारी पेशी हा संदेश पुढे नेतात. सर्वांत आतल्या थरात गुच्छिका-पेशी असतात. प्रत्येक गुच्छिका-पेशीपासून एक लांब तंतू निघतो. हे सर्व तंतू एकत्र येऊन त्यांचा जो जुडगा डोळ्याबाहेर पडतो, तोच दृष्टिमज्जातंतू होय. मनुष्याच्या एका डोळ्याच्या जुडग्यात असे सुमारे १० लाख तंतू असतात. माशांमध्ये हे तंतू पलीकडच्या बाजूला जाऊन मध्यमेंदूच्या दृष्टिखंडावर पसरतात.

याखेरीज आणखी एका प्रकारच्या पेशी या पटलात असतात. पटलाच्या एका पृष्ठभागापासून दुसऱ्या पृष्ठभागापर्यंत खांबाप्रमाणे उभ्या असणाऱ्या या पेशींचे वर्णन जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिख म्युलर यांनी १८५१ साली केले. म्हणून त्यांना म्युलर-पेशी म्हणतात. त्या स्वतः संदेश वाहून नेत नाहीत. शेजारच्या मज्जापेशींना आधार देणे, त्यांचे पोषण करणे व टाकाऊ द्रव्ये उचलणे ही त्यांची नित्याची कामे होत. पुढील विवेचनात या पेशींना विशेष महत्त्व आहे.

या रचनेवरून एक गोष्ट ध्यानी येईल. डोळ्याला इजा झाली असे म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. इजा कोणत्या थराला झाली हे पाहावे लागते. प्रखर प्रकाशाने मुख्यतः बाहेरच्या थरातील पेशी मरतात. मज्जातंतू तुटल्याने आतल्या थरातील गुच्छिका-पेशी संकटात येतात. प्रकाशाचा परिणाम या दोन प्रसंगी एकसारखा असण्याचे कारण नाही.

तुटलेल्या मज्जातंतूचे भवितव्य

उंदराच्या जातीतील प्राण्यांमध्ये दृष्टिमज्जातंतू डोळ्याजवळ कापला असता काय होते, हे तपशीलवार पाहिले गेले आहे. पहिले चार-पाच दिवस गुच्छिका-पेशी जवळजवळ सर्व जिवंत राहतात. त्यानंतर मात्र त्या झपाट्याने मरू लागतात, आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांतील बहुसंख्य नाहीशा होतात. हा मृत्यू जखमेच्या जागी चिरडून होणारा नव्हे. पेशीच्या अंतरंगात स्वतःचा नाश घडवून आणणारी एक यंत्रणा असते. तंतू तुटल्याची वार्ता पोचली, की ती यंत्रणा चालू होते. ज्या थोड्या पेशी वाचतात, त्यांचे तंतूही जखमेच्या पलीकडे वाढत नाहीत. मेंदूतील तंतूंवर असलेल्या वेष्टनात ही वाढ रोखणारी द्रव्ये असल्याचे स्वित्झर्लंडमधील मार्टिन श्वाब व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिले.

माशांमध्ये या दोन्ही अडचणी सौम्य असतात. तंतू तुटल्यावर बहुतेक गुच्छिका-पेशी जिवंत राहतात, आकाराने फुगतात आणि नव्या तंतूसाठी लागणारी प्रथिने मोठ्या प्रमाणावर तयार करू लागतात. तंतूचे टोक जखम ओलांडून पुढे सरकते व अखेर मेंदूपर्यंत पोचते.

परंतु लाखो तंतूंनी मेंदूपर्यंत पोचणे पुरेसे नाही. प्रत्येकाने योग्य जागी पोचले पाहिजे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी १९४० नंतरच्या दशकात बेडूक व त्यांच्या वर्गातील इतर प्राण्यांवर, आणि पुढे माशांवरही, या दृष्टीने प्रयोग केले. त्यांनी बेडकाचा मज्जातंतू कापून डोळा त्याच्या खोबणीत उलटा फिरवून बसवला. दृष्टी परत आली; पण माशी वरच्या बाजूस असली की बेडूक खाली झेप घेई, आणि अनुभवाने त्यात सुधारणा झाली नाही. याचा अर्थ, प्रत्येक तंतू आपल्या मूळ जागी परत गेला होता. डोळा फिरला आहे याची त्याला दादच नव्हती. १९६३ साली आत्तार्दी व स्पेरी यांनी सोनेरी माशाच्या दृष्टिपटलाचा अर्धा भाग काढून टाकला व मज्जातंतू कापला. उरलेल्या अर्ध्या भागातील तंतू वाढले, तेव्हा वाटेत रिकाम्या पडलेल्या जागा ओलांडून ते आपापल्या भागातच जाऊन पोचले. त्यावरून स्पेरी यांनी असे प्रतिपादन केले, की प्रत्येक तंतूजवळ व मेंदूतील प्रत्येक स्थानाजवळ रासायनिक खुणा असतात, आणि त्या जुळवून तंतू आपली जागा शोधतो. स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र मेंदूच्या दोन गोलार्धांविषयीच्या निराळ्या संशोधनासाठी.

प्रकाशानेच होणारी इजा

प्रकाश डोळ्याला अपाय करू शकतो, हे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या अनुभवावरून पूर्वीपासून माहीत होते. तेथे एकाच जागी केंद्रित झालेल्या किरणांनी पटलाला इजा होते. परंतु साध्या दिव्याच्या, भाजून न काढणाऱ्या प्रकाशानेही पेशी मरू शकतात, ही गोष्ट अमेरिकेतील बफेलो येथील वेर्नर नोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली उंदरांवरील प्रयोगांनी सिद्ध केली. पांढऱ्या उंदरांना सतत उजेडात ठेवले असता त्यांच्या दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी नाश पावल्या. कोणत्या रंगाचा प्रकाश अधिक घातक, हे तपासता असे आढळले, की शलाका-पेशीतील ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य ज्या रंगाचा प्रकाश अधिक शोषून घेते, तोच प्रकाश अधिक घातक ठरतो. म्हणजे ज्या द्रव्यामुळे पाहणे शक्य होते, त्याच द्रव्याच्या मार्गे इजाही होत होती. उंदराच्या शरीराचे तापमान वाढलेले असेल, तर ही इजा अधिक लवकर होते, हेही नोएल यांना दिसून आले.

यामागील कारणपरंपरा पुढील संशोधनाने पुष्कळशी स्पष्ट झाली. प्रकाशग्राही पेशीचे टोक पातळ चकत्यांच्या चळतीसारखे असते, आणि त्या चकत्यांत सहज ऑक्सिडीकरण होणारी स्निग्ध द्रव्ये विपुल असतात. या पेशींना ऑक्सिजनचा पुरवठाही भरपूर लागतो. प्रखर प्रकाश सतत पडत राहिला, की या द्रव्यांचे ऑक्सिडीकरण होऊन पेशीच्या आवरणाला धक्का बसतो व आत्मनाशाची यंत्रणा चालू होते. ऑक्सिडीकरण रोखणारे क जीवनसत्त्व आधी दिले असता उंदरांच्या डोळ्यांना होणारी इजा कमी होते, हा या विवेचनाला मिळालेला एक पुरावा होय.

येथे आणखी एक लक्षणीय गोष्ट आढळली. जे उंदीर आधी दीर्घकाळ अंधारात ठेवले होते, त्यांना तोच प्रकाश अधिक बाधला. जे नित्याच्या दिवस-रात्रीच्या क्रमात वाढले होते, त्यांना तो कमी बाधला. अंधारात राहिलेल्या डोळ्यात प्रकाश शोषणारे रंगद्रव्य भरपूर साठलेले असते. उजेडात वाढलेला डोळा ते कमी प्रमाणात बाळगतो व संरक्षणाची इतर साधनेही सज्ज ठेवतो. प्रकाश दिवसा पडला की रात्री, यानेही इजेचे प्रमाण बदलते. रात्रीच्या वेळी पडलेला तोच प्रकाश उंदरांना अधिक घातक ठरतो. यावरून प्रकाशाचे बळ जितके महत्त्वाचे, तितकाच त्या डोळ्याचा पूर्वीचा प्रकाशानुभव महत्त्वाचा आहे, असे दिसते.

माशाच्या डोळ्यातील पडदा

मनुष्याच्या डोळ्यात बाहुली लहान-मोठी होऊन आत येणाऱ्या प्रकाशाचे नियमन होते. बहुतेक माशांच्या बाहुलीला ही शक्ती नसते. त्याऐवजी त्यांच्या दृष्टिपटलातच एक वेगळी व्यवस्था असते. पटलाच्या मागील बाजूस काळसर रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा थर असतो. दिवस उजाडला, की या पेशींतील रंगद्रव्याचे कण पुढे सरकतात. त्याच वेळी शलाका-पेशी लांब होऊन या काळ्या पडद्यात आपली टोके लपवतात, आणि शंकु-पेशी आखूड होऊन उजेडाकडे येतात. रात्र झाली, की सर्व हालचाली उलट होतात: रंगद्रव्य मागे जाते, शलाका-पेशी पुढे येतात, शंकु-पेशी मागे सरतात. मंद प्रकाशासाठी घडलेल्या नाजूक शलाका-पेशींना दिवसा सावली मिळावी, अशी ही निसर्गाची योजना आहे.

ही योजना दोन परिस्थितींत कोलमडते. एक, माशाच्या शरीरात काळे रंगद्रव्यच नसेल तर. आणि दुसरी, दीर्घकाळ अंधारात राहिलेल्या माशावर एकाएकी प्रखर प्रकाश पडून तो खंड न पडता चालू राहिला तर. प्रयोगशाळेत या दोन्ही परिस्थितींचा मुद्दाम उपयोग करून घेण्यात आला.

झेब्रा मासा व नव्या पेशींचा जन्म

या प्रयोगांत वापरला जाणारा झेब्रा मासा मूळचा भारतीय उपखंडातील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगा व तिच्या शाखांतील माशांवर लिहिलेल्या, १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. अंगावर निळसर आडवे पट्टे असलेला, सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा हा मासा ओढे, डबकी व भातशेतांच्या पाण्यात राहतो. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाच्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ साली त्याच्या एकसारख्या अनुवंशाच्या पिढ्या तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली; तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा प्रवेश झाला.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात विहतेलिक व हाइड या संशोधकांनी २००० साली वर्णहीन झेब्रा माशांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. माशांना आधी अंधारात ठेवून नंतर काही दिवस अखंड प्रखर प्रकाशात ठेवले. दृष्टिपटलातील शलाका व शंकु या दोन्ही प्रकारच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या. मग माशांना नेहमीच्या प्रकाशक्रमात परत आणले. काही आठवड्यांत पटलाचा बाहेरचा थर पुन्हा तयार झाला. मृत पेशींची जागा नव्या पेशींनी घेतली होती.

या नव्या पेशी कोठून आल्या? मासा आयुष्यभर वाढत असतो, व त्याबरोबर त्याचा डोळाही वाढतो. पटलाच्या कडेला पेशी सतत नव्याने तयार होतात, हे पूर्वीच माहीत होते. पण जखम मध्यभागी झाली असता ती भरून काढणाऱ्या पेशी कडेहून आलेल्या नसतात. पुढील काही वर्षांत निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दाखवून दिले, की त्या म्युलर-पेशींपासून जन्मतात. शेजारच्या मज्जापेशी मेल्याची जाणीव होताच म्युलर-पेशी आपले आधाराचे काम काही काळ बाजूला ठेवते, तिच्यातील निद्रिस्त जनुके जागी होतात, आणि दुसऱ्या दिवसाच्या सुमारास ती विभागू लागते. तिच्यापासून झालेल्या जनकपेशी वेगाने वाढतात व जखमेच्या थरात जाऊन तेथे हव्या असलेल्या पेशींचे रूप घेतात. विषारी द्रव्याने आतल्या थरांतील पेशी मारल्या, तर याच मार्गाने त्याही पुन्हा निर्माण होतात.

मनुष्याच्या दृष्टिपटलातही म्युलर-पेशी असतात. पण इजेनंतर त्या फुगतात, व्रणाच्या ऊतीसारखे जाळे करतात, आणि तेथेच थांबतात. मासा व मनुष्य यांच्यात फरक आहे तो मुख्यतः येथे.

लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्रयोग

येथवर प्रकाशाचे अपायकारक रूप पाहिले. त्याचे दुसरे रूप सोनेरी माशावरील प्रयोगांत दिसून आले. मज्जातंतू तुटल्यानंतर वाढून परत आलेले तंतू स्पेरी यांच्या रासायनिक खुणांच्या साहाय्याने दृष्टिखंडावर आपापल्या परिसरात पोचतात. परंतु आरंभी त्यांची मांडणी ढोबळ असते. प्रत्येक तंतूच्या फांद्या हव्या त्यापेक्षा मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या असतात. टपालातील पत्र गावापर्यंत पोचावे, पण घर सापडू नये, तशी ही स्थिती होय. पुढील काही आठवड्यांत चुकीच्या फांद्या गळतात, योग्य फांद्या बळकट होतात, आणि मेंदूवरील दृश्याचा नकाशा पूर्ववत रेखीव होतो.

अमेरिकेतील श्मिट व आयझेली यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मज्जातंतू चिरडलेल्या सोनेरी माशांचे गट करण्यात आले. काही मासे नित्याच्या प्रकाशात ठेवले, काही पूर्ण अंधारात ठेवले, तर काहींना ठरावीक अंतराने क्षणभर लखलखणाऱ्या दिव्याच्या उजेडात ठेवले. तंतू सर्वच गटांत परत वाढले व ढोबळ नकाशाही सर्वांत तयार झाला. पण तो रेखीव झाला तो फक्त नित्याच्या प्रकाशात राहिलेल्या माशांत. अंधारातील आणि लखलखत्या दिव्याखालील माशांत तो ढोबळच राहिला.

अंधारात असे व्हावे हे समजण्यासारखे आहे. परंतु लखलखता दिवा तर डोळ्यातील पेशींना चांगलेच चेतवतो. मग त्याने नकाशा का सुधारू नये? याचे उत्तर असे, की मेंदूला केवळ चेतना पुरत नाही. चेतनेतील भेद लागतो. नित्याच्या प्रकाशात एखादी वनस्पती किंवा दगडाची कड माशासमोरून सरकते, तेव्हा दृष्टिपटलावरील शेजारशेजारच्या पेशी एकाच वेळी जाग्या होतात व दूरच्या पेशी शांत असतात. एकत्र जाग्या होणाऱ्या तंतूंनी मेंदूतील एकाच पेशीशी जडलेले संबंध बळकट होतात. हे तत्त्व कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली मांडले होते. अशा रीतीने शेजारी कोण, हे मेंदूला कळते. लखलखत्या दिव्याखाली मात्र सर्वच पेशी एकदम जाग्या होतात. वर्गातील एका बाकावरची मुले एकत्र बोलली, तर ती एका बाकावरची आहेत हे डोळे मिटूनही ओळखता येईल. पण सगळा वर्ग एका सुरात ओरडला, तर कोण कोठे बसले आहे हे कसे कळावे? अंधारात तर शेजाऱ्यांना एकत्र बोलते करणारे दृश्यच नसते.

जगण्यासाठी प्रकाश हवा काय?

वरील प्रयोगातून एक महत्त्वाचा भेद पुढे येतो. प्रकाश नसतानाही माशाचे तंतू परत वाढले. याहून कठोर परीक्षाही घेण्यात आली आहे. फुगणाऱ्या विषारी माशांच्या शरीरात सापडणारे टेट्रोडोटॉक्सिन हे विष मज्जापेशींतील विद्युत्‌संदेश थांबवते. ते डोळ्यात टोचून सोनेरी माशाच्या गुच्छिका-पेशी मुक्या केल्या, तरी त्यांचे तंतू मेंदूपर्यंत वाढत गेले. फक्त नकाशा रेखीव झाला नाही. म्हणजे माशामध्ये जखमी गुच्छिका-पेशीने तग धरून पुन्हा तंतू वाढवणे हे प्रकाशावर फारसे अवलंबून नाही. तिने आपली नेमकी जागा मिळवणे मात्र प्रकाशावर अवलंबून आहे.

सस्तन प्राण्यांत स्थिती निराळी असावी, असे मानण्यास आधार आहे. अमेरिकेतील बेन बॅरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली उंदराच्या गुच्छिका-पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढवल्या. केवळ पोषक प्रथिने घातल्याने त्या फारशा जगल्या नाहीत. पोषक प्रथिनांच्या जोडीला पेशींना विद्युत्‌चेतनेसारखी चेतना दिली, तेव्हा त्या मोठ्या संख्येने जगल्या. चेतना मिळालेली पेशी पोषक द्रव्ये पकडणारी ग्राहके आपल्या पृष्ठभागावर आणते. मुकी पेशी आणत नाही. अन्न समोर असून ते घेता न येण्यासारखाच हा प्रकार होय. २०१६ साली अँड्र्यू ह्यूबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दृष्टिमज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांना रोज ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्या दाखवल्या व त्याबरोबर पेशीतील वाढीचा एक रासायनिक मार्ग चेतवला. दोन्ही उपाय एकत्र केले असता काही तंतू जखम ओलांडून मेंदूतील आपल्या स्थानांपर्यंत पोचले. एकेकटा उपाय इतका परिणामकारक नव्हता.

प्रयोगातील प्रकाशाची शिस्त

प्रकाश असा अनेक वाटांनी परिणाम घडवतो. म्हणून माशांच्या जखमी डोळ्यांवर प्रयोग करताना दिव्याचा हिशेब औषधाच्या मात्रेइतक्या काटेकोरपणे ठेवावा लागतो. झेब्रा मासे पाळताना सामान्यतः १४ तास उजेड व १० तास अंधार हा क्रम ठेवतात, व पाण्याचे तापमान सुमारे २८.५ अंश सेल्सियस राखतात. हा क्रम मोडला, तर एकट्या डोळ्यावरच नव्हे, तर सबंध माशावर परिणाम होतो. सतत उजेडात ठेवलेल्या माशाची रात्रीची विश्रांती घटते. दिवा जवळ असेल, तर पाणी तापते. आणि मासा थंड रक्ताचा प्राणी असल्याने तापमानाबरोबर त्याच्या जखमा भरून येण्याचा वेगही बदलतो. अंधारातील माशाला अन्न दिसण्यास अडचण पडते. अशा स्थितीत उजेडातील व अंधारातील माशांच्या डोळ्यांत पेशींची संख्या निराळी आढळली, तर तो फरक प्रकाशाचा, उष्णतेचा, उपासमारीचा की विश्रांतीच्या अभावाचा, हे ठरवणे कठीण होते.

म्हणून चांगल्या प्रयोगात माशांचे गट एकाच वयाचे व एकाच वंशाचे घेतात. पाणी, तापमान व अन्न यांत भेद राहू देत नाहीत. आणि प्रत्येक गटात जखम न केलेले मासेही ठेवतात. प्रकाशाचे बळ, त्याचा रंग, त्याचा कालावधी आणि त्यापूर्वी मासे किती काळ अंधारात होते, या सर्व गोष्टींची नोंद करतात. शेवटी पेशी मोजताना, कोणती नमुना-काच कोणत्या गटाची आहे हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. कारण मनाजोगे उत्तर दिसण्याचा मोह अनुभवी डोळ्यालाही होतो. पेशी मोजताना जुनी वाचलेली कोणती व नव्याने जन्मलेली कोणती, हेही निवडावे लागते. माशाचे दृष्टिपटल नव्या पेशी तयार करू शकत असल्याने केवळ अंतिम संख्या पाहिली, तर मृत्यू लपून राहतो. यासाठी विभागणाऱ्या पेशींच्या केंद्रकात शिरणारी खूणद्रव्ये वापरतात. ज्या पेशींत ती सापडतात, त्या जखमेनंतर जन्मलेल्या असे समजते.

माशापासून मनुष्यापर्यंत

माशांवरील या संशोधनाचा उपयोग मनुष्याला होईल काय? २०१७ साली सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात टॉमस रे यांच्या प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढ उंदरांच्या म्युलर-पेशींत माशांकडून ओळखले गेलेले एक जनुक चालू करण्यात आले, व पेशीतील जनुके बंद ठेवणारी यंत्रणा एका औषधाने सैल करण्यात आली. इजेनंतर त्यांतील काही पेशींनी मज्जापेशींचे रूप घेतले, आणि त्या शेजारच्या पेशींशी जोडल्याही गेल्या. संख्येने त्या थोड्या होत्या, व दृष्टिपटलाची पूर्ण दुरुस्ती त्यांनी केली असे नाही. पण सस्तन प्राण्याच्या म्युलर-पेशीत ही शक्ती मुळीच उरलेली नाही, हा समज त्यामुळे मागे पडला.

जखमी डोळ्याला प्रकाश द्यावा की अंधार, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता अधिक नेमकेपणाने देता येते. प्रकाशग्राही पेशी दुखावल्या असता प्रखर व अखंड प्रकाश घातक. सावली व दिवस-रात्रीचा क्रम हितकर. मज्जातंतू तुटला असता माशाच्या पेशीला जगण्यासाठी प्रकाशाची फारशी गरज पडत नाही. पण परत आलेल्या तंतूला नेमके पाहायला शिकण्यासाठी आकारांनी भरलेला, हालचालींनी जिवंत असलेला नित्याचा उजेड अत्यावश्यक. उद्या एखाद्या रुग्णाच्या दृष्टिपटलात नव्या पेशी निर्माण करणे किंवा तुटलेले तंतू वाढवणे वैद्यकाला साधले, तरी काम तेथे संपणार नाही. त्या पेशींना कोणत्या प्रकाशात, किती वेळ, काय दाखवावे, याचाही विचार करावा लागेल. आणि त्या विचाराला आधार सोनेरी व झेब्रा माशांच्या काचेच्या टाक्यांतून मिळालेल्या ज्ञानाचा असेल.

घरी किंवा शाळेत मासे पाळणाऱ्यांनाही या संशोधनातून एक व्यवहाराची गोष्ट घेता येईल. टाकीवरील शोभेचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवू नये. माशाला पापण्या मिटून घेता येत नाहीत, व त्याची बाहुलीही आकुंचन पावत नाही. त्याच्या दृष्टिपटलातील काळा पडदा मागे सरून शलाका-पेशी पुढे याव्यात, यासाठी त्याला दररोज खरीखुरी रात्र मिळाली पाहिजे.